रविवार कारंज्यापासून पुढे

तू विचारलंस, राय मिळते का गं नाशकात?

मीही विचारलं होतं. बोहरपट्टीत, भर दुपारी,
ताहेरभाईंना: राय आहे का?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि पाव किलो मोहरी तोलली.
लोणच्याचा सीझन गेला बाई, म्हणाले.
नको म्हणायचं धाडस झालं नाही.
ती मोहरी अजून आहे घरात.

म्हणून सांगते, पुस्तकातलं नाव मागू नकोस.
काय हवंय ते सांग.
काळसर, जरा आंबट,
दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागणारं.
असं सांगितल्यावर ते गप्प बसले,
मग म्हणाले, ही तर नागली झाली.
पण माझी घेऊ नका. माझी गोदामातली.

हरसूलच्या बाजाराला जा.
स्टँडच्या भिंतीला टेकून बसते सावळीबाई बेंडकोळी.
मापाने देते, किलोने नाही,
आणि वर एक मूठ, ती तिच्या मनाने.
तिच्याशी घासाघीस केलीस
तर मला तोंड दाखवू नकोस.

दळण आपल्या चौकात टाकायचं नाही,
तिथे आधी कुणाची तरी मिरची झालेली असते.
देवळाली कॅम्पात लछमनदासांची दगडी गिरणी आहे.
त्यांना ऐकू कमी येतं.
जाडसर म्हणून ओरडण्यापेक्षा
चिमटीत चिमूट चोळून दाखव.
पीठ हाताला कोमट लागलं पाहिजे.
चटका बसला तर समज, मेलं.

लांबट डबा मी सातपूरला करून घेतला.
तो माणूस दिवसभर स्विचगिअरच्या पेट्या वळतो,
पाव कधी भाजलेला नाही त्याने,
पण कोपरे असे दुमडलेत
की कणभर पीठ अडकत नाही.

राहिलं आंबवण.

यीस्टची पाकिटं कॉलेज रोडला हवी तेवढी.
घे, फुगतो पाव, पोटही भरतं.
पण द्राक्षावर ती धुरकट लव असते ना,
बोट फिरवलं की पुसली जाणारी,
मला तिथलं हवं होतं.
द्राक्षांच्या गावात राहतो आपण, मला वाटलं सोपंय.
दिंडोरी झालं, निफाड झालं, पिंपळगाव झालं.
एका बागेत माणसाने घड हातात दिला
आणि मागोमाग हात धुवायला पाणी.
परवाच फवारलंय, म्हणाला.
खा बिनधास्त, धुऊन खा,
पण जिवंत काही शोधू नका ताई यावर.
इतकं खरं मला कुठल्याच दुकानात कुणी बोललं नव्हतं.

तीन हंगाम.
ओट्यावर तीन बरण्या, नुसत्या गप्प.

मग नाशिकरोडला, जुन्या क्वार्टर्सच्या मागे,
मोरीच्या पाण्यावर वाढलेली एक वेल.
बियांची, आंबट, पोरं दगड मारतात तिला.
शेवंता बोरस्ते कपडे वाळत घालत होती.
ही? हसली ती. हिला कोण औषध मारणार?

चौथ्या दिवशी बरणीने झाकण उचललं.
घरात मी एकटीच होते,
तरी मोठ्याने म्हणाले, अगं बाई.

हा पत्ता सहा वर्षं कुणाला दिला नाही मी.
तुझ्या आईने विचारला तेव्हाही विषय बदलला.
मागच्या महिन्यात गेले तर दारांना कुलपं,
भिंतीवर तांबड्या रंगाचे आकडे,
शेवंता कुठे गेली, वॉचमनला माहीत नाही.
वेल होती. एक फांदी तोडून आणली.
कुंडीत आहे, जगेल की नाही सांगता येत नाही.

तेव्हा तो पत्ता राहू दे. ही बरणी घे.
रिक्षात मांडीवर धर, झाकण सैल ठेव.
रोज दोन चमचे पीठ, तेवढंच पाणी,
गावाला जाशील तेव्हा शेजारी सांगून जा.
आणि थांब जरा,
थोडी मोहरी देते बांधून.